सेटलमेंटनंतरची चार वर्षं : विक्रोळीतल्या एका कर्जखात्याचं प्रकरण

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर शनिवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात बसायला लागलो. लोक कर्जाचे कागद घेऊन येतात, मी वाचून सांगतो. फी नाही. हे प्रकरण त्यातलंच. नाव, नात्यातले काही तपशील आणि ओळख पटेल असे आकडे बदलले आहेत. बाकी घडलं ते असंच.

पार्श्वभूमी

मनीषा म्हणू या. वय ३८, परळच्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन, हातात येणारा पगार ४६ हजार. घर विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात, सासूबाईंच्या नावावर. नवऱ्याचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. २०२० च्या मार्चमध्ये लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली आणि घेतलेली बयाणी परत करायची वेळ आली. ती बयाणी आणि कामगारांचे दोन पगार मनीषाच्या क्रेडिट कार्डावरून भागवले गेले. कार्डावर ८४ हजार थकले.

त्या वर्षी १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्ते लांबवायची सवलत होती. तिने ती घेतली. सवलतीत खातं थकीत म्हणून नोंदलं जात नव्हतं, हे खरं. पण व्याज चालूच होतं, आणि ते कार्डाचं व्याज : महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबरपासून ती ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) तेवढा भरत राहिली, मग तोही चुकायला लागला. २०२१ च्या नोव्हेंबरात आकडा १ लाख ३८ हजार होता.

तेव्हा बँकेकडून फोन आला. ६२ हजार एकरकमी भरा, ७६ हजार सोडून देतो. सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या, ६२ हजार भरले, सेटलमेंटचं पत्र आलं. पत्र तिने देवघराच्या खणात ठेवलं. तिच्या शब्दांत, “काका, त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते.”

अडचण कळली कधी

त्यांच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. विकासकाने सभासदांना हक्काच्या जागेव्यतिरिक्त वाढीव क्षेत्रफळ विकत घ्यायची मुभा दिली, दर चौरस फुटाला २४ हजार. मुलगी दहावीत, सासूबाई गुडघ्याने बेजार. एक खोली वाढली तर सगळ्यांचंच भलं. ९० चौरस फूट म्हणजे २१ लाख ६० हजार. हातात साडेचार लाख, उरलेल्या सतरा लाखांसाठी कर्ज.

मार्च २०२४ मध्ये पगार जमा होतो त्याच बँकेने अर्ज नाकारला. सिबिल स्कोअर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण, ६११. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि गृहकर्जाला बहुतेक ठिकाणी ७५० च्या आसपास असला की फारसे प्रश्न विचारत नाहीत.

इथे पहिली चूक झाली, आणि ती जवळजवळ सगळेच करतात. एकीने नाही म्हटल्यावर तिने दहा दिवसांत चार ठिकाणी ऑनलाइन अर्ज टाकले. प्रत्येक अर्जागणिक त्या संस्थेने तिचा कर्जफेडीचा अहवाल मागवला आणि त्याची नोंद अहवालात बसली. बाहेरून बघणाऱ्याला चित्र दिसतं ते असं : ही बाई पैशासाठी दारोदार फिरतेय. स्कोअर ५८८ वर आला. आपण स्वतः आपला अहवाल कितीदाही पाहिला तरी असं होत नाही, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून ती स्वतःचा अहवाल बघायला घाबरत होती आणि अर्ज मात्र बिनधास्त करत होती.

दुसरी चूक घाटकोपर स्टेशनजवळच्या एका दलालाकडे. “१५ हजारांत सिबिल साफ करून देतो,” ५ हजार आगाऊ. त्याने तिच्या नावाने लॉगिन काढलं, त्यात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला, आणि अहवालातल्या प्रत्येक खात्यावर सरसकट ‘ही माहिती चुकीची आहे’ अशी तक्रार ठोकली. खरी-खोटी सगळी एकाच मापाने. महिन्याभरात उत्तरं आली : कर्ज देणाऱ्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. साहजिक आहे. सिबिल असो की लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी दुसरी कुठली पतमाहिती कंपनी, ती स्वतःहून एक अक्षर बदलू शकत नाही. नोंद ज्या बँकेने पाठवली तिनेच ती दुरुस्त करावी लागते. दलालाच्या हातात यातलं काहीच नसतं. पाच हजार गेले. त्याहून मोठी कटकट म्हणजे तिच्या कर्जमाहितीचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर जात राहिले, आणि आपला नंबर परत बसवून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले.

जून २०२४ मध्ये ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्याकडे फक्त एक आकडा होता, तोही मोबाइलच्या स्क्रीनशॉटमध्ये.

अहवालात खरोखर काय होतं

स्कोअर म्हणजे ताप. ताप किती आहे ते कळतं, कशाने आलाय ते नाही. म्हणून आधी पूर्ण अहवाल काढायला लावले, आणि चारही कंपन्यांचे : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. २०१७ पासून ही सोय आहे, तरी वाचनालयात येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ती वापरलेली नसते.

तीन गोष्टी सापडल्या.

पहिली अपेक्षित. कार्डाच्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ आणि त्याच्याखाली बँकेने सोडलेले ७६ हजार. तिच्या मनात सेटल म्हणजे मिटलं. कर्ज देणाऱ्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही नुकसान सोसलं’. पत्र देताना हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पत्रातल्या बारीक अक्षरात एक ओळ होती, इंग्रजीत.

दुसरीने मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. २०२१ मध्ये घेतलेल्या फ्रिजचं कर्ज. शेवटचा हप्ता मार्च २०२२ मध्ये बाउन्स झाला होता. तो तिने दंडासकट दुकानातल्या फायनान्सच्या काउंटरवर रोख भरला होता. हप्ता जमा झाला, दंड कुठेतरी अडकला. सिबिलच्या अहवालात थकबाकी ५९० रुपये : ५०० दंड, ९० जीएसटी. आणि थकल्याचे दिवस? ७९१. ५९० रुपयांसाठी खातं बुडीत कर्जाच्या रांगेत जाऊन बसलं होतं. गंमत म्हणजे चारांपैकी दोन अहवालांत हेच खातं ‘बंद’ दिसत होतं. फक्त सिबिल बघून किंवा फक्त दुसरा एखादा बघून हे कळलं नसतं.

तिसरी तिने मला सांगितलीच नव्हती. दिराच्या मालवाहू टेम्पोच्या कर्जाला ती जामीनदार होती. हप्ता ९,८०० रुपये, आणि जवळजवळ दर महिन्याला तो दहा ते पंधरा दिवस उशिरा. जामिनाचं कर्जही आपल्या अहवालात येतं. “मी फक्त सही केली होती,” ती म्हणाली. हे वाक्य मी बँकेत असताना इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद नाही.

पर्याय

वेळ किती होता? विकासकाशी करारनामा २०२५ च्या अखेरीस नोंदवला जाणार होता, पहिला टप्पा तेव्हा भरायचा. म्हणजे साधारण दीड वर्ष.

वाढीव जागा सोडून देणं हा एक पर्याय होता. सासूबाईंचं तेच मत. गृहवित्त कंपनीकडून १३-१४ टक्क्यांनी लगेच कर्ज मिळत होतं. पंधरा वर्षांसाठी तो दर परवडणारा नव्हता. नवऱ्याला मुख्य कर्जदार करावं तर त्याच्या नावावर कर्जाचा इतिहासच नाही, आणि उत्पन्नाचा कागदही नाही. मांडवाचा धंदा आता थोडाफार सुरू आहे, पण सगळा रोखीत.

खरा वाद एकाच मुद्द्यावर झाला : सोडलेले ७६ हजार आता भरायचे का?

माझं पहिलं मत ‘नको’ असं होतं. कर्ज मिटल्याचं पत्र तिच्याकडे आहे, बँक मागायला येणार नाही. तेच पैसे स्वतःच्या हिश्श्यात घाल, कर्ज तेवढं कमी लागेल. हिशेबाने हे बरोबरही आहे. पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी हिशेब नंतर करतो, आधी अहवालावर नजर टाकतो. माझ्या हाताखाली काम केलेला एक मुलगा आता एका बँकेत मंजुरीच्या टेबलावर आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, “सर, स्कोअर ७५० असला आणि ‘सेटल्ड’ दिसलं, तरी फाइल बाजूला पडते.” मी मत बदललं. पण त्यात जुलै आणि ऑगस्ट गेले, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

काय काय केलं

सुरुवात ५९० रुपयांपासून. सोपं वाटतं की भरून टाका आणि सुटा. पण ते भरले असते तर ‘७९१ दिवस थकवून मग भरले’ अशी नोंद पक्की झाली असती. तिने दंड दिलेला होता, मग चूक त्यांची. फक्त पुरावा हवा. सासूबाईंनी बिस्किटाच्या डब्यातून २०२२ ची पावती काढली. अर्धी पुसट, पण रक्कम आणि शिक्का वाचता येत होता. पत्र्याच्या डब्यात कागद जपणाऱ्या पिढीला माझा साष्टांग नमस्कार.

१८ जुलै २०२४ ला सिबिलकडे आणि फायनान्स कंपनीकडे एकाच दिवशी तक्रार केली. या वेळी एकाच खात्यावर, एकाच मुद्द्यावर, पावती जोडून. नियम असा की तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे भरपाईचं कलम एप्रिल २०२४ पासून लागू झालं होतं, म्हणजे अगदी ताजं. उत्तर ४७ व्या दिवशी आलं : खाते बंद, थकबाकी शून्य. भरपाईचे १,७०० रुपये मात्र आपोआप आले नाहीत. तारखांचा हिशेब मांडून आणि ‘पुढचं पत्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईल’ असं लिहून ईमेल केल्यावर आले. पतमाहिती कंपन्यांविरुद्धही २०२२ पासून लोकपालांकडे जाता येतं.

दिराचं प्रकरण नाजूक. जामीन मागे घेता येईल का, हे तिने आधी विचारलं. कर्ज देणाऱ्याच्या मंजुरीशिवाय आणि दुसरा जामीनदार दिल्याशिवाय नाही. घरात बोलायचं कसं, यावरच तीन शनिवार गेले. शेवटी नवरा बोलला. तेव्हा कळलं की दीर बेजबाबदार नव्हता. त्याचा ठेकेदार पैसे १५ तारखेला द्यायचा आणि हप्ता खात्यातून जायचा ५ ला. दर महिन्याला बाउन्स, दर महिन्याला दंड, मग १६-१७ ला भरणा. फायनान्स कंपनीला अर्ज देऊन वजावटीची तारीख १८ करून घेतली. एवढंच. तीन वर्षं दोन घरांत धुसफूस चालली होती ती एका तारखेपायी.

आता ७६ हजार. पैसे होते कुठे? मनीषाची भिशी होती, दहा जणींची, महिन्याला सहा हजार. तिचा नंबर ऑक्टोबरचा. ६० हजार तिथून आणि १६ हजार दिवाळीच्या बोनसमधून असं ठरलं. भरण्याआधी एका गोष्टीवर मी अडून बसलो : बँकेने लेखी द्यावं की ही रक्कम मिळाल्यावर खातं ‘सेटल्ड’ऐवजी ‘क्लोज्ड’ म्हणून चारही कंपन्यांना कळवू. फोनवरचा मुलगा “हो हो मॅडम, होऊन जाईल” म्हणत होता. लेखी मिळायला पाच आठवडे गेले. ईमेल आल्यावरच, नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिने पैसे भरले.

यातली मर्यादा तिला आधीच सांगितली होती. शिक्का बदलतो, पण महिनावार उशिराच्या जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

चौथी गोष्ट नवा, चांगला इतिहास तयार करण्याची. कार्ड बंद झाल्यापासून तिच्या नावावर वेळेवर फेडलेलं असं काहीच चालू नव्हतं. ३० हजारांची मुदतठेव केली आणि त्या ठेवीवर कार्ड घेतलं, मर्यादा २७ हजार. कार्ड परत घरात येणार म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ठरलं असं : कार्डावर फक्त लाइट बिल आणि महिन्याचं वाणसामान, सहा-सात हजारांच्या आत, म्हणजे मर्यादेच्या पावभर. बिल पूर्ण, खात्यातून आपोआप. कार्ड पाकिटात नाही, कपाटात.

आणि दीड वर्ष कुठेही कर्जाचा अर्ज नाही. मुलीच्या मोबाइलसाठी ‘शून्य टक्के हप्ता’सुद्धा नाही. मुलगी रुसली, पण निभावलं.

स्कोअर असा सरकला : सप्टेंबर २०२४ मध्ये ६२९, जानेवारीत ६६२, जून २०२५ ला ७०१, नोव्हेंबरात ७४१. जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे बदल लवकर दिसायला लागले. कुठल्या गोष्टीने किती गुण वाढले हे मी सांगणार नाही. जो सांगतो त्याच्यापासून जरा लांब बसावं.

निकाल

सप्टेंबर २०२५ मध्ये पहिला अर्ज एका मोठ्या बँकेत केला. नकार. स्कोअरमुळे नव्हे; त्यांच्या अंतर्गत नियमाप्रमाणे सेटल केलेलं खातं पूर्ण भरून बंद झाल्याला किमान १२ महिने व्हायला हवेत. आमचे दहा झाले होते. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये मी घोळ घातला नसता आणि पैशांची सोय तेव्हाच झाली असती तर बारा भरले असते.

डिसेंबरमध्ये एका नागरी सहकारी बँकेने कर्ज मंजूर केलं. सतरा नव्हे, १४ लाख, १५ वर्षांसाठी, ८.९० टक्क्यांनी. त्याच महिन्यात तिच्या लॅबमधल्या सहकाऱ्याला ७.९० ने मिळालं. त्या एका टक्क्याचे महिन्याला सुमारे ८०० रुपये जातात. हप्ता १४,१०० च्या आसपास.

७६ हजार कार्डात गेल्याने हातातली रक्कम घटली होती, मंजुरीही कमी. म्हणून ९० ऐवजी ७० चौरस फूट घेतलं, १६ लाख ८० हजारांना. खोली झाली, पण बाल्कनीसारखी अरुंद. करारनामा नोंदवला गेला आहे.

कर्जाचा व्याजदर बदलता आहे, आणि अशा वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. दोनेक वर्षं हप्ते सुरळीत गेले की कर्ज कमी दराच्या बँकेत न्यायचं, असं तिने वहीत लिहून ठेवलंय.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी २०२१ चा तो नोव्हेंबर. ६२ हजारांत सेटलमेंट घेण्याऐवजी तीच थकबाकी हप्त्यांत बदलून मागता आली असती. बँक कदाचित नाही म्हणाली असती. तिने विचारलंच नाही, कारण असं विचारता येतं हेच माहीत नव्हतं. तेव्हा पाटल्या मोडायची तयारी होती; त्या मोडल्या असत्या तर गहाणापेक्षा जास्त रक्कम हाती येऊन पूर्ण कर्ज फिटायच्या जवळ गेलं असतं. अर्थात त्या महिन्यात घरात रेशनची चिंता होती, आणि समोर वसुलीवाल्यांचे फोन. आज वाचनालयातल्या पंख्याखाली बसून हे सांगणं सोपं आहे.

माझ्या बाजूने दोन गोष्टी. ७६ हजारांचा निर्णय मी लांबवला. भिशीतला नंबर बदलून घेता येतो. जुलैचा नंबर ज्या बाईचा होता ती खुशीने अदलाबदल करायला तयार होती, हे मला डिसेंबरात कळलं. आणि दुसरं : ज्या बँकेत अर्ज करायचा तिच्या शाखेत जाऊन ‘सेटल्ड खातं पूर्ण भरल्यावर तुम्ही किती महिने थांबता’ एवढाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. त्यासाठी अर्ज लागत नाही, अहवालात नोंदही होत नाही. मी कर्ज विभागात तीसेक वर्षं नोकरी करूनही हे विसरलो.

दलालावर पोलिसांत तक्रार करावी असं मी सुचवलं होतं. तिने केली नाही. पाच हजारांसाठी रजा टाकून चौकीत कोण बसणार, हा तिचा सवाल होता आणि मला उत्तर देता आलं नाही.

टेम्पोचं कर्ज अजून चालू आहे, शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२७ मध्ये. दर महिन्याच्या १९ तारखेला मनीषा दिराला व्हॉट्सअपवर एक प्रश्नचिन्ह पाठवते. तो अंगठा पाठवतो.